सारवलेल्या भुईतला घट

घटाचं धान्य न्यायला आमच्या दुकानात दोन तऱ्हेच्या बायका येतात. पहिल्या तऱ्हेच्या बायका "शेठ, सात धान्यांची पुडी द्या" म्हणतात, बांधलेली पुडी पिशवीत टाकतात आणि चालू पडतात. दुसऱ्या तऱ्हेत एकटी कुशाबाई. ती एकेका पोत्यापुढं उकिडवी बसायची, मूठभर धान्य तळहातावर पसरायची, फुंकर मारायची आणि मग माझ्याकडं असं बघायची, की गव्हातले टोके मीच रात्री जागून सोडलेत.

"इपूल, असलं टोकरल्यालं देऊ नगंस. देवीच्या पोटात जायाचंय ते."

"मावशी, मग तूच निवडून घे."

"घेतीच की. तुझ्या भरवशावर ऱ्हायले असते तर देवी उपाशीच उठली असती."

माझं नाव विपुल. आळेफाट्यावर आमचं भुसाराचं दुकान आहे. आजोबा मारवाडातून आले, वडील धरमचंद इथंच जन्मले, आणि मला राजस्थान म्हटलं की शाळेतला नकाशा आठवतो. आम्ही जैन, आमच्यात घट बसत नाहीत. पण आश्विनात आमची आयंबिलाची ओळी येते. माझी आई जतनबाई ते नऊ दिवस तेल, तूप, मीठ, दूध सगळं सोडून एकवेळ नुसतं उकडलेलं खाते, आणि घरातल्या बाकीच्यांनी चमचमीत खाल्लं तर तोंडानं काही बोलत नाही, नुसती बघते. त्यामुळं आश्विनात उपास धरणाऱ्या बायांचा मला लहानपणापासून धाक. कुशाबाईचा तर अंमळ जास्तच.

तिला गहू, हरभरा, मूग हे तर लागायचंच, पण भात आणि नाचणी पाहिजे म्हणजे पाहिजेच. आमच्या पट्ट्यात बाया ज्वारी-बाजरी घालतात. नाचणी मागणारी ती एकटी. तिच्यासाठी मी दरसाल थोडी मागवून ठेवायचो. कारण ती आमच्या पट्ट्यातली नव्हतीच. ती आंबेगाव तालुक्याच्या डोंगराकडची, आणि तिचं गाव डिंभ्याच्या धरणाखाली गेलेलं. त्या गावाचं नाव ती घ्यायची नाही. नुसतं 'गाव' म्हणायची. जगात दुसरं गाव नसल्यासारखं. म्हणून मीही इथं ते लिहीत नाही.

पाणी चढायला लागलं तशी त्या खोऱ्यातली माणसं उठली, कुणी कुठं गेलं, कुणी कुठं. कुशाबाईच्या घरानं बोरी बुद्रुकच्या शिवारात जमीन घेतली आणि विटांचं घर बांधलं. तिचा मुलगा गोरख नववीत माझ्या वर्गात आला आणि माझ्याच बाकावर बसला, तो आजतागायत माझ्या मानगुटीवर आहे. तिच्या नवऱ्यानं, सावळारामनं, इकडं आल्यावर फार दिवस काढले नाहीत. बोरीतली माणसं म्हणाली, पाणी मानवलं नाही. कुशाबाई दुसऱ्याच दिवशी कांदा खुरपायला गेली.

राबायला ती कुणाला हार जायची नाही. पण त्या जमिनीला तिनं कधी 'आपलं वावर' म्हटलं नाही. "तिकडल्या तुकड्यात पानी सोडलंय," असं म्हणायची. एकदा मी तिला छेडलं, "मावशी, एवढी काळीभोर जमीन, कालव्याचं पाणी, बांबूसारखा ऊस येतो, आणखी काय पाहिजे तुला?"

"माती ग्वाड हाय रं," ती म्हणाली. "पर मला वळकत न्हाई ती."

मी हसलो. तेव्हा हसलो.

आता घटाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. घट बसवायला माती लागते, आणि ती कुठलीही चालत नाही. आपल्या वावरातली लागते. पत्रावळीवर नाहीतर परडीत ती माती पसरायची, तिच्यात धान्य पेरायचं, मधोमध पाण्यानं भरलेला मातीचा घट ठेवायचा, वर विड्याची पानं आणि नारळ. रोज एक माळ सोडायची, पाणी शिंपायचं, दिवा विझू द्यायचा नाही. दसऱ्यापर्यंत धान्य वीतभर वर येतं. जे चांगलं उगवलं ते पीक यंदा साधणार, असा कौल त्यात बघतात. कुशाबाईची अडचण एवढीच होती की तिच्या मते तिचं वावर एकच, आणि ते धरणाच्या पोटात.

पण धरणाचं पाणी उन्हाळ्यात खाली जातं. वैशाखात ते पार मागं सरलं की जुनी जोती उघडी पडतात, विहिरींची तोंडं, आंब्यांची खोडं, बांध. मग कुशाबाई गोरखला घेऊन निघायची. माझी टेम्पोट्रॅक्स बहुतेक वेळा त्यांच्या दिमतीला. ती भेगाळलेल्या गाळातून अनवाणी चालत जायची आणि एका बांधाजवळ थांबायची. बरोबर घरून एक बोचकं आणलेलं असायचं. त्यात गेल्या नवरात्रातली माती. ती आधी परत वावरात ओतायची, मग चारी कोपऱ्यांतून नवी माती उचलायची. नेलेलं परत दिल्याशिवाय नवं घ्यायची नाही. बोरीच्या जमिनीवर तिनं त्यातला एक कणही कधी सांडू दिला नव्हता. ती माती घरी आणून एका तोटी फुटलेल्या माठात भरायची आणि देवघराच्या कोपऱ्यात ठेवायची, आश्विनापर्यंत.

मी एकदा विचारलं, "मावशी, नऊ दिवस देवांना आंघोळ घालत नाहीत, हलवत नाहीत, का गं?"

"बया, एवढा शिकला आन् येवढं कळंना?" ती म्हणाली. "घट म्हंजी पोट. बी पेरलं की देवी गरवार ऱ्हाती. गरवार बाईला कुनी ऊठ-बस कराय लावतं व्हय? तिला गप बसू द्यायचं. तिचं काम चालल्यालं असतं."

हे ऐकल्यापासून नवरात्रात कुणाच्या देवघरापुढून जाताना माझा आवाज आपोआप खाली येतो. आमच्या धर्मात हे नाही, आईनं ऐकलं तर कपाळाला हात लावील, पण येतो खरा.

दोन हजार सहाच्या वैशाखात गोरखचं लग्न झालं. मुलगी ओतूरकडची, आरती. कामाला वाघीण. बोलायला गोड आणि सासूला घाबरून. घाबरण्यासारखं कुशाबाई काही करत नव्हती, पण करत नाही म्हणूनच जास्त घाबरायची. त्या वर्षी पाऊस उदंड झाला. आणि पितृपक्ष संपत आला तशी घराघरांत नवरात्राची धुणी निघाली.

हे धुणं म्हणजे काय ते ज्याच्या घरी घट बसतात त्यालाच ठाऊक. घरातलं चिंधीचिरगूट बाहेर निघतं, गोधड्या नदीवर जातात, भिंती पोतेरल्या जातात, भांड्यांना घासून घासून भोकं पडायची वेळ येते. अमावास्येच्या आदल्या दिवशी कुशाबाई गोधड्यांचा भारा घेऊन नदीवर गेली, गोरख ऊस तोडणीच्या बोलण्याला गेला, आणि आरतीनं देवघर आवरायला काढलं.

घरात बाकी सगळीकडं फरशी, पण देवघराची भुई कुशाबाईनं मातीचीच ठेवली होती. देवाखाली फरशी नको म्हणून. पावसाळ्यात घुशीनं ती पोखरली होती आणि देव्हाऱ्यापुढची जागा पार खचली होती. आरतीला कोपऱ्यात माठ दिसला. त्यात निवडून, चाळून ठेवलेली मऊसूत काळी माती. तिच्या माहेरी घट बसायच्या आधी देवापुढची भुई नव्या मातीनं भरून घेतात आणि त्यासाठी माती अशीच आधी आणून ठेवतात. सासूबाईंनी किती आठवणीनं आणून ठेवलीय, असं तिला वाटलं. तिनं माठ रिकामा केला, खड्डा भरला, खाली मुरूम टाकून चोपण्यानं चोपला, मग ती माती कालवून सगळ्या भुईवर चोपली, वर शेणाचा सफाईदार हात फिरवला आणि कडेनं रांगोळीची रेघ ओढली. अशी भुई मी तरी दुसरी पाहिली नाही. आरशाला लाजवील अशी.

कुशाबाई नदीवरनं आली, उंबऱ्यात थांबली आणि तिनं भुईकडं बघितलं. चेहरा उजळला म्हणे. "झ्याक केलंस गं," म्हणाली. मग कोपऱ्यात बघितलं. माठ पालथा घालून ठेवलेला.

सांगायचं राहिलं, त्या मातीबद्दल आरतीला कुणी काही बोललंच नव्हतं. गोरखला वाटलं आईनं सांगितलं असेल. कुशाबाईला वाटलं, वैशाखात आपण बोचकं घेऊन गेलो ते सुनेनं पाहिलंच आहे, त्यात सांगायचं काय? ज्यांच्या घरी दरसाल तेच होतं त्यांना हे असं वाटतंच.

कुशाबाई भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. बाहेर येऊन ओल्या गोधड्यांच्या भाऱ्यावर बसली, आणि आरती तिच्या पायांपाशी बसून रडायला लागली तेव्हाही तिथंच बसून राहिली. दुसऱ्या दिवशी, सर्वपित्रीला सकाळीच, गोरख दुकानात धावत आला.

"इपूल, गाडी काढ. आय म्हंती धरनावर जायचं."

"वेडा झालास का? आता धरण भरून सांडतंय. माती कुठून देणार तिला?"

"तूच सांग तिला," गोरख म्हणाला.

तिला सांगायची माझी छाती नव्हती. गाडी काढली. नारायणगाव, मंचर, घोडेगाव करत आम्ही डोंगराकडं लागलो. कुशाबाई पुढं बसली होती, मांडीवर रिकामी पिशवी. डोंगर सोनकीच्या फुलांनी पिवळे झालेले, ओढे भरलेले, हवा कशी धुतल्यासारखी. एरवी अशा दिवशी मी गाडीत गाणी लावतो. त्या दिवशी हात गेला नाही.

वळणावरून उतरलो आणि पाणी दिसलं. आणि मला एकदम उमगलं, की एवढ्या वर्षांत कुशाबाईनं हे पाणी भरलेलं कधी पाहिलंच नव्हतं. ती यायची ती वैशाखात. तेव्हा तिचं वावर तिथं असायचं. भरल्या पाण्याला ती आज पहिल्यांदा येत होती.

ती काठाशी गेली. जिथनं एरवी ती खाली उतरायला सुरुवात करायची, तिथंच पाणी लागलं. पुढं पाणीच पाणी. डोंगर कमरेपर्यंत बुडालेले, ढगांच्या सावल्या सावकाश पाण्यावरून चाललेल्या, आणि आवाज म्हणून नाही. मी देवळं पाहिली आहेत, आमची डोंगरावरची मोठी तीर्थं पाहिली आहेत, लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून कातळातलं ते अजस्र खोदकाम पाहिलं आहे. पण माझ्या अंगावर असा काटा कधी आला नव्हता. या पाण्याखाली चुली होत्या. न्हाण्या होत्या. कुणाचं लग्न लागलेलं अंगण होतं. आणि वर एक बगळा उडत होता, त्याला कशाचंच काही नव्हतं.

कुशाबाईनं हात वर केला, बोट दाखवायला. बोट इकडून तिकडं फिरलं आणि कुठंच थांबलं नाही.

"मला वाटायचं," ती हळू म्हणाली, "आपलं वावर हितं उनात पडल्यालं असतंय. म्या येती तवा असतंच की ते. मला वाटायचं, वरीसभर तसंच असंल. वाट बघत."

गोरखनं मान फिरवली. टायरच्या ट्यूबवर बसून जाळं लावणारा जानकू कोळी आम्हाला बघून काठाला आला. वैशाखातला त्याचा-आमचा परिचय.

"आत्ये, आता कुठली माती?" तो म्हणाला. "बांबू टाकला तरी तळ लागत न्हाई."

"मी काय म्हणतो," मी तोंड उघडलं, "इथली काठाची घेऊ या. याच खोऱ्यातली तर आहे."

कुशाबाईनं माझ्याकडं बघितलं. पोत्यातले टोके बरे, अशी ती नजर.

"ही कुनाची हाय? म्हाईत हाय तुला? मंग दुसऱ्याच्या मातीत माझी देवी बसवू?"

ती गुडघाभर पाण्यात उतरली. मग वाकून तिनं पाण्याला हात लावला, तो कपाळाला लावला आणि वळली. परतीच्या वाटेवर घोडेगाव मागं पडल्यावर म्हणाली, "यंदा धान्य नगं इपूल. देव बसायचं न्हाईत."

"आय, एक वर्साचा तर प्रश्न हाय," गोरख म्हणाला.

"एक वर्साचा नस्तोय. घट एकदा मोडला की मोडला. माझ्या सासूनं मोडला न्हाई, तिच्या सासूनं न्हाई. गाव उठलं त्या साली बी म्या मोडला न्हाई. आन् मोडला कुठं, तर हितं."

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. आरती दारात उभी. पित्रांचा स्वयंपाक झाकून ठेवलेला, तिनं घास खाल्ला नव्हता. आमचे रिकामे हात बघितले आणि ती आत गेली. मी निघताना ती मागच्या दारी गोरखला सांगत होती ते मला ऐकू आलं. "माझ्या हातनं तुमच्या कुळाचा घट मोडला. उद्या सारं गाव म्हणंल, सून आली आन् देव उठलं. मला माहेरी पोचवा." गोरख काय बोलला ते ऐकायला मी थांबलो नाही. खरं सांगायचं तर मला त्या दोन्ही बायांचं इतकं वाईट वाटत होतं की राग कुणाचा करावा तेच सुचेना. म्हणून घरी जाऊन मी आईवर उगीच खेकसलो.

दुसऱ्या दिवशी घटस्थापना. सकाळी दुकान उघडतोय तोच गोरखचा फोन. "धान्य घिऊन ये. नाचनी इसरू नगंस. लवकर ये."

मी पोचलो तर देवघराच्या उंबऱ्यात आरती उभी होती, डोळे सुजलेले, हातात तांब्या. कुशाबाई आत भुईवर बसली होती आणि तळहात त्या सारवलेल्या जमिनीवर फिरवत होती, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"ये इपूल," ती म्हणाली. "हात लाव हितं."

मी लावला. गार होती भुई.

"वळखली का? तू न्हाई वळखायचा. म्या वळखली. हीच ती. बोटाला अशी चिकाट, गार. काल आख्खा दिस हिला हुडकत डोंगर पालथा घातला आन् ही माझ्या देवापुढं."

"मग खरवडून काढू का, आत्या?" आरतीनं घाईनं विचारलं. "वरच्यावर काढते, हळू हातानं."

"अजाबात न्हाई! देवापुढली सारवल्याली भुई उकरायची नस्ती. भुई उकरत्यात ती घर सोडताना. गाव उठलं तवा एकदा उकरली, तेवढी बास झाली." ती थांबली, मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आन् उकरून तरी काय? मुरूम कुठला, माती कुठली, कोन निवडणार? आता ती उचलाय येत न्हाई. न येऊ दे. देवी काय पत्रावळीवरच बसती व्हय? ती उचलाय येत न्हाई तर देवीनं खाली बसावं."

असं म्हणून तिनं तांब्यातलं पाणी भुईवर शिंपडलं. शेणाचा पापुद्रा मऊ होईतो शिंपडत राहिली. मग धान्याचं ताट आरतीपुढं सरकवलं.

"सारवलीस तू. टोकन बी तूच कर."

टोकण म्हणजे उकरायचं नाही, नांगरायचं नाही, बोटानं भोक पाडून त्यात दाणा सोडायचा आणि बोटानंच मिटवायचं. आरतीनं बोट टेकवलं. पहिला दाणा भाताचा. दुसरा नाचणीचा, तो तर बोटाला चिकटून निघेचना. कुशाबाई मागून म्हणाली, "आगं, दाब जरा. भिऊ नगं. जमिनीला दुखत न्हाई." मग आरतीचा हात सुटला. देव्हाऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तिनं टोकणी केली. मधोमध घट ठेवला, वर पानं, नारळ. गोरखनं आढ्याला दोरी बांधून कारळ्याच्या पिवळ्या फुलांची पहिली माळ सोडली. कुशाबाईनं नंदादीप लावला आणि म्हणाली, "बसली."

मला माझ्याच धर्माची शपथ घालून सांगा म्हटलं तरी मी सांगेन, त्या क्षणी त्या खोलीत कुणीतरी येऊन बसलं.

बोलणारे बोललेच. शेजारची साळुबाई उंबऱ्यातूनच म्हणाली, "कुशे, आसं कुठं असतंय का? शास्तरात बसतं का हे?" कुशाबाई म्हणाली, "शास्तरात न्हाई बसत. माझ्या घरात बसलंय." साळुबाईनं तोंड वाकडं केलं आणि गेली.

तिसऱ्या माळेला मी गेलो तर भुईला बारीक बारीक भेगा पडल्या होत्या. चौथ्या दिवशी आरती सांगत होती, हरभऱ्यानं डोकं काढलं, मग गव्हानं, नाचणी अजून रुसलीय. मी रोज काही ना काही निमित्त काढून जायला लागलो. कधी साबुदाणा द्यायला, कधी गोरखकडं नसलेलं काम घेऊन. आईनं एकदा विचारलं, "ओळी करणार मी आणि पारणं तू आत्ताच बोरीला जाऊन फेडतोस काय?" पण सातव्या माळेला तीच गाडीत येऊन बसली. उंबऱ्यापाशी थांबून बघत राहिली. आमच्या आईला उगवत्या अंकुरावर पाय पडेल या भीतीनं आधीच अंगणातसुद्धा बघून चालायची सवय. तिनं हात जोडले नाहीत. "किती जीव आहेत इथं," एवढंच म्हणाली.

आठव्या-नवव्या माळेपर्यंत तिथं भुई उरलीच नव्हती. समईच्या उजेडात भिंतीपासून भिंतीपर्यंत हिरवं-पिवळं रान उभं होतं. गहू वीतभर, भाताची पाती नाजूक, मधेच मुगाची दोन-दोन पानं, आणि शेवटी शेवटी नाचणीही आली. मध्ये घट, पाझरणारा, ओला. वरून नऊ माळा. ओल्या मातीचा आणि तेलाचा वास. खिडकीतून वारा आला की ती सगळी पाती एका बाजूला झुकायची आणि परत उभी राहायची. घरात वारा दिसतो असं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. आत पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून कुशाबाई उंबऱ्याबाहेर पाटावर बसायची, तिथूनच पाणी शिंपायची. बोरीच्या बाया येऊन बघून जायला लागल्या. येताना बडबडत यायच्या, उंबऱ्याशी आल्या की गप्प व्हायच्या. दुसऱ्यांदा आलेल्या साळुबाईनं पदर पुढं घेऊन वाकून नमस्कार केला आणि कुशाबाईनं तिला काही टोमणा मारला नाही. म्हणजे बघा.

दसऱ्याच्या सकाळी घट हलवायचा होता. दरसाल कुशाबाई तुरे उपटायची, गोरखच्या टोपीत खोवायची, मलाही एक द्यायची. पत्रावळीवरचं ते पीक मुळांसकट सबंध गोधडीसारखं निघायचं, कारण खाली त्याला जायला जागाच नसे. मग ती माती झटकून, बोचक्यात बांधून वैशाखासाठी ठेवून द्यायची.

त्या दिवशी ती उंबऱ्यातून आत वाकली, गव्हाचा एक झुबका धरला आणि ओढला. आला नाही. परत ओढला. पाती तुटून हातात आली, मूळ आलं नाही.

"मी बघू का?" गोरख गुडघ्यावर बसला. त्यानंही ओढून पाहिलं. आरतीनं पाहिलं. हलेचना.

कुशाबाई तिथंच भुईला टेकली. तिनं पाती बाजूला सारली, बोटानं माती हळूच दूर केली. काळी माती बोटभरच होती. त्याखाली आरतीनं चोपलेला बोरीचा तांबूस मुरूम, आणि त्याखालची जुनी जमीन. पांढरीशुभ्र मुळं त्या काळ्या मातीतून निघून मुरुमात शिरली होती आणि तशीच खाली गेली होती. किती खाली ते दिसत नव्हतं. कुशाबाईनं चेहरा जवळ नेऊन बघितलं. मी मागून वाकून बघत होतो.

आरती धीर करून म्हणाली, "आत्या, मग ही माती वैशाखात परत कशी न्यायची?"

कुशाबाईनं बाजूला केलेली माती परत जागेवर लोटली, मुळं झाकली, वरून तळहात दाबला.

"कुठं न्यायची आता?" ती म्हणाली. "मूळ धरलंय तिनं."

आणि ती रडायला लागली. मोठ्यांदा, गळा काढून, मयताला रडतात तशी. गोरख घाबरून उभा राहिला. आईला रडताना त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. आरती पुढं सरकली. ती पुन्हा पुन्हा विचारत होती, "माझं काय चुकलं का? आत्या, काय चुकलं का माझं?"

कुशाबाईनं तिला हाताला धरून शेजारी भुईवर बसवलं.

"तुझं न्हाई गं पोरी. गाव सुटलं त्या दिशी म्या रडले न्हाई. ह्यांनी डोळं मिटलं, तवा बी न्हाई. लोक म्हनली, दगुड हाय बाई. दगुड न्हवते गं. रडाय बसायला आपली भुई लागती."